पाऊण मिलिमीटर

मरोळच्या एका गाळ्यात सपना नऊ वर्षं थ्रीडी प्रिंटरवर रेझिनचे नमुने छापत होती. मशीनमधून निघालेला नमुना मऊ असतो. स्पिरिटनं धुऊन निळ्या दिव्याखाली ठेवला की कडक होतो, आणि कडक होताना आक्रसतो. किती आक्रसेल हे तिला तोंडपाठ होतं. तेवढं माप ती कॉम्प्युटरवर आधीच वाढवून घ्यायची.

त्या बुधवारी काम इस्पितळाचं होतं. काशीराम नावाच्या पेशंटला जबड्याचा कॅन्सर झाला होता. हाड नेमकं कुठं कापायचं ते दाखवणारा साचा हवा होता. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी. नेहमीचं रेझिन संपलेलं, म्हणून मालक केयूरनं दुसरंच आणलं. ते जास्त आक्रसलं. सपनानं व्हर्नियरनं माप घेऊन पाहिलं. साचा पाऊण मिलिमीटर कमी भरत होता.

पुन्हा काढू या, सहा तास लागतील, असं ती म्हणाली. केयूर म्हणाला, डिलिव्हरीवाला खाली उभा आहे.

"हाडाला एवढं कळत नाही, सपना. सही कर."

'तपासले' असं लिहिलेल्या चौकटीत तिनं सही केली.

दोन महिन्यांनी त्याच काशीरामच्या नव्या स्कॅनवरून त्याच्या जबड्याचा नमुना छापायचं काम आलं, पुढच्या उपचारांसाठी. छापून झाल्यावर सपनानं तो हातात घेऊन पाहिला. एका बाजूचे वरचे-खालचे दात भिडतच नव्हते. इस्पितळात फोन केल्यावर कळलं, साचा हाडावर नीट बसला नव्हता. डॉक्टरांना अंदाजानं कापावं लागलं होतं.

रविवारी फॉर्मवरचा पत्ता शोधत ती मानखुर्दला गेली. काशीराम कॉटवर बसला होता. त्याची बायको शांताबाई त्याच्यासाठी भात कुस्करून पातळ करत होती. सपनानं सगळं सांगितलं, सहीसकट. काशीराम हनुवटीवरची लाळ पुसत ऐकत राहिला.

शांताबाईनं मानही वर केली नाही.

"सांगितलंस, तुझं मन हलकं झालं असेल. ह्यांचे दात जुळतील का गं त्यानं?"

काशीरामनं सपनाला हातानंच बस म्हणून खुणावलं. तेच तिला जास्त लागलं. ती बसली नाही.

महिनाअखेर तिनं नोकरी सोडली. केयूरनं दुसरी मुलगी ठेवली. रेझिन तेच राहिलं.