खोट्या नावाची नळी

मी रक्ताची नळी बोलतेय. बोटभर उंचीची, हिरव्या टोपणाची. जन्म कुठल्या कारखान्यातला ते आठवत नाही; एका खोक्यात आम्ही बहिणी-बहिणी खेटून बसलो होतो, एवढेच आठवते.

इजिप्तमधल्या तांता शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात मी हाझेमच्या वाट्याला आले. पोर सहा वर्षांचे. साध्या तापाचे निमित्त झाले आणि त्याच्या हृदयाला सूज आली. हृदयाचा स्नायू दुखावला की ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात झिरपते. कालच्या नळीत ते फार निघाले होते. आज उतरले तर पोर सावरतेय. चढले तर त्याला तातडीने कैरोला हलवायचे, आणि पुढचे कोणीच सांगत नव्हते.

नुकतीच पाळीवर आलेली नर्स इंतिसार रक्त घेताना म्हणाली, "नाव काय रे?"

त्याने तोंड उघडायच्या आत तफीदाआजी बोलली, "शहाता."

शहाता म्हणजे भीक मागून आणलेला. अशा पोराकडे दृष्टही ढुंकून बघत नाही. हातावरचा नावाचा पट्टा आजीने सकाळीच कापून तिथे दृष्ट टाळणारा निळा मणी बांधला होता. इंतिसारने ऐकले ते माझ्यावर लिहिले.

खालच्या प्रयोगशाळेत यंत्राने मला तपासले. ट्रोपोनिन निम्म्याहून खाली आले होते! पण शहाता नावाचे मूल रुग्णालयात नव्हतेच. एवढी गोड बातमी पोटात घेऊन मी ताटकळत उभी राहिले.

वर काय झाले ते मला मागाहून आलेल्या नळ्यांनी सांगितले. डॉक्टर नर्मीन विचारत होत्या, "हाझेमचा आकडा कुठाय?" त्याची आई सहर रडायला आली होती. तेवढ्यात हाझेमच म्हणाला, "आजीने मला शहाता केलंय."

"अहो आजी, हे काय केलंत?"

"येणारीजाणारी माणसं पट्ट्यावरचं त्याचं नाव वाचत होती बाई. मग काय करू?"

"आता तो आकडा याचाच कशावरून?"

"मी सांगते ना."

"तुमच्या सांगण्यावर औषध ठरत नाही. पुन्हा रक्त घ्यावं लागेल."

आजीचा चेहरा उतरला. तिने आपलीच बाही वर केली. "माझं घ्या. त्याला नका टोचू."

"तुझं घेऊन काय करतील आजी?" हाझेमने हात पुढे केला. "घ्या. पण हळू."

नव्या नळीचा आकडा माझ्याहूनही खाली आला. मग लग्नघरात बायका आनंदाने जीभ नाचवत काढतात तशी किलकारी आजीने काढली, इतकी लांबलचक की ती खाली आम्हालाही ऐकू आली.

"आजी, हे रुग्णालय आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आणि काही महिने पळणं बंद, फुटबॉल बंद."

"बंद तर बंद. बसून खाईल."

प्रत्येक नळीमागे अशी किलकारी येत नाही, हे इथे उभे राहून कळते. म्हणून ही मी मन भरून ऐकली.

आता मला टाकून देतील. त्याचे दुःख नाही. एवढेच मागते, आमच्या अंगावर लेकराचे खरे नाव घाला. बातमी कशीही असो, ती आपल्या घरी पोचली पाहिजे.

डबा उघडला. येते मी.