ओबेडायाची लांबलेली कबुली

ओबेडाया पेनिमनला गावाबाहेर काढलं ते पाप केलं म्हणून नव्हे, इतरांची पापं मोजून दाखवली म्हणून. पाद्रीबुवांचं प्रवचन त्याला मवाळ वाटलं, आणि त्याने ते प्रार्थनेच्या सभाघरात सगळ्यांदेखत सांगितलं. तेव्हापासून बायको मेहिटाबेल, पोरं आणि एक काळा बोकड घेऊन तो रानाच्या कडेला राहत होता. मका कुजला, लोक म्हणाले, देवाचा कोप. बोकड गलेलठ्ठ झाला. लोक म्हणाले, सैतानाचं देणं. गावच्या बायका मेहिटाबेलसाठी डोळे पुसत, पावाचा तुकडा मात्र कोणी पाठवत नसे.

बर्फ पडायच्या आत गावात परतलो नाही तर पोरं जगत नाहीत, हे तिला दिसत होतं. रीत अशी, की नवऱ्याने सगळ्यांपुढे चूक कबूल करायची, मग पुरुषांनी हात वर करून त्याला परत घ्यायचं.

“अहो, ‘चुकलो’ म्हणा आणि खाली बसा,” ती सभाघराच्या वाटेवर म्हणाली.

“अपुरी कबुली हेही पापच, मेहिटाबेल.”

“तेवढं माझ्या नावावर घाला.”

सभाघरात सगळ्यांपुढे उभं राहून ओबेडायाने स्वतःच्या गर्वापासून सुरुवात केली. तो गर्व कुणाकुणाकडे पाहून जडला हे सांगता सांगता अख्खं गाव त्या यादीत आलं. वाळूचं घड्याळ उलटून उलटून पाद्रीबुवांचं मनगट सुजलं. आधी म्हातारे पेंगले, मग तरणे, शेवटी खुद्द पाद्रीबुवा. जागा राहिला तो दारातून मान आत घातलेला बोकड, दाढी हलवत.

डुलक्या घेणाऱ्यांना लांब काठीने ढोसणं हे गॅमलिएलचं काम. तोच काठीला टेकून घोरत होता. मेहिटाबेलने त्याच्या पायावर पाय दिला.

“गॅमलिएलदादा, सगळे झोपलेत.”

तो दचकला आणि पुरुषांच्या बाकांवरून काठी फिरवत सुटला. ज्याला ढोसलं त्याचा हात काठी अडवायला वर. पाद्रीबुवांनी डोळे उघडले, समोर हातांचं रान पाहिलं.

“एकमताने परत घेतलं,” ते जांभई दाबत म्हणाले.

“झोपेतलं मत देवाला चालत नाही,” ओबेडाया म्हणाला. “मला हे मान्य नाही.”

मेहिटाबेल पोरांना घेऊन बायकांच्या बाकावर ऐसपैस बसली. “आम्हाला आहे. तुमचं मन मानत नसेल तर तुम्ही जा. बोकड न्या सोबत, तो ऐकतो तुमचं.”

हिवाळाभर रानाकडून ओबेडायाचं प्रवचन ऐकू येई. बायका कुजबुजत, “तिथं सैतान राहतो गं.”

मेहिटाबेल चुलीत लाकूड सारत म्हणे, “असेल बाई. पण ह्यांच्या तावडीत सापडलाय, बिचाऱ्याचे हाल ऐकवत नाहीत.”