रोहिणखेड रोडनं पळत गेलेली बाई

शेखरच्या लग्नाची शूटिंग फोटोवाल्यानं दिली ती थेट दिवाळीत. शेखर हा जयमालाचा धाकटा भाऊ. भाऊबीजेला ती नवरा आणि मुलगी घेऊन मोताळ्याहून जानेफळला माहेरी आलेली, म्हणून जेवणं आटोपल्यावर सगळं घर टीव्हीसमोर बसलं. हळदीचा कार्यक्रम चालू होता. मांडवातून एक बाई परात घेऊन पाठमोरी चालली होती. पिवळी साडी, ब्लाउजच्या वर मानेखाली मांसाची जाड वळी, आणि चालताना सगळं अंग या कुशीवरून त्या कुशीवर जायचं.

“हे कोण व?” जयमाला म्हणाली. “शेजारची हाय का कोणी?”

सगळे तिच्याकडे पाहायला लागले. मग शेखरच्या बायकोनं पदर तोंडाला लावला, एक चुलतभाऊ फिसकन हसला, आणि मग सगळेच हसत सुटले. तेवढ्यात पडद्यावरची बाई परात ठेवायला वाकली आणि पाठीवरची लाल गोंड्यांची दोरी दिसली. ती दोरी जयमालानंच शिंपिणीला सांगून मुद्दाम बसवून घेतली होती.

मग तीही हसली. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसली. 

बुलढाण्याला कॉलेजात असताना जयमाला कबड्डी खेळायची. चढाईला ती गेली की समोरच्या पोरी मागं सरायच्या. लग्न झालं, प्राची झाली, थायरॉईडची गोळी सुरू झाली, खेळ कुठल्या कुठं गेला. अंग वाढलं हे तिला कळत नव्हतं असं नाही. ब्लाउज उसवून घेताना कळायचं. पण मनातल्या मनात ती स्वतःला जशी पाहायची, ती बाई अजून सडसडीत होती. टीव्हीनं ती बाई नेली आणि बदल्यात ही दिली.

त्यानंतर ती फोटोत सगळ्यांच्या मागं उभी राहायला लागली. कपाटाच्या आरशावर टॉवेल वाळत पडायला लागला. बाजाराच्या दिवशी तिनं कपड्याच्या पालावर जाऊन ट्रॅक पँट मागितली.

“कोणासाठी पाह्यजे?” दुकानदारानं विचारलं.

“मालकासाठी.”

“गणेशभाऊसाठी? मंग ही मोठी होईन, ताई. त्यायले लहान लागंन.”

“मोठीच द्या,” जयमाला खाली पाहत म्हणाली. “घरात घालाले पाह्यजे.”

पळायचं तर कुठं, हा प्रश्न होता. शाळेच्या ग्राउंडवर सकाळी पोलीस भरतीच्या पोरी असतात, फिरायला आलेले मास्तर लोक असतात, गणेशच्या कृषी केंद्रातली गिऱ्हाइकं असतात. त्या सगळ्यांसमोर हे अंग घेऊन पळायचं म्हणजे पुन्हा ती शूटिंग, आणि या वेळी अख्खं गाव टीव्हीसमोर. म्हणून तिनं रोहिणखेडचा रस्ता धरला. दिवस उगवायच्या आधी तिकडे चिटपाखरू नसतं. घरी सांगायची सोय होतीच. सासूबाई सुभद्राबाई चूल पेटवून पाणी तापवत बसलेल्या असायच्या. त्यांना जयमाला म्हणायची, “आत्याबाई, मारुतीच्या देवळात जाऊन येतो.” गाऊनवर शाल गुंडाळायची, आतून ट्रॅक पँट, आणि पायातले बूट फाटकाबाहेर गेल्यावर चढवायचे.

पहिल्या दिवशी ती कपाशीच्या एका वावराएवढी पळाली आणि मैलाच्या दगडाला धरून उभी राहिली. पळताना वाटायचं की ती पुढं जाते आणि पोट, छाती, मांड्या मागून येतात, आणि ती थांबली तरी त्यांना थांबायला वेळ लागतो. छाती एवढी धडधडायची की हे दमणं आहे की काही भलतंच, ते समजेना. तिचे वडील पंजाबराव असेच एका सकाळी वावरातून आले, छातीवर हात ठेवून ओट्यावर बसले आणि उठलेच नाहीत. इथं रस्त्यात आपण पडलो तर? पडण्याची भीती होतीच, पण पडल्यावर उचलायला किती माणसं लागतील, हा विचार तिला जास्त खायचा.

तरी ती जात राहिली. कोणाच्या गाडीचा उजेड दिसला की ती रस्ता सोडून तुरीत शिरायची, खाली बसायची, आणि गाडी गेली की पुन्हा निघायची. असं डिसेंबर लागेपर्यंत निभावलं. आता ती दोन वावरं न थांबता पळायची. पँटची नाडी मात्र तिथंच बांधावी लागत होती.

त्या दिवशी थंडी फार होती. जयमाला जरा जोरातच पळत होती. केस सुटले होते, घाम डोळ्यांत उतरून डोळे चुरचुरत होते. वळणावरून एकदम उजेड अंगावर आला. भाजीची छोटी गाडी होती. तिला तुरीपर्यंत जायला सवडच मिळाली नाही. ती छातीवर शाल दाबून कडेच्या कपाशीत उतरली. गाडी थांबली.

“कोण हाय तिकडे?” माणसानं हाक मारली. आवाज ओळखीचा होता. गुलाबराव. रोहिणखेडहून रोज मेथी-पालक घेऊन मोताळ्याच्या बाजारात यायचा आणि येता-जाता गणेशच्या दुकानी चहा प्यायचा.

 आता उभं राहून काय सांगायचं, मी पळते म्हणून?  ती उलट आणखी आत गेली, विहिरीजवळच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागं लपली आणि श्वास धरून बसली.

“वैनी? गणेशभाऊच्या घरच्या का तुम्ही?” पुन्हा हाक आली. थोडा वेळ गेला. गुलाबराव कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होता असं तिला वाटलं. बॅटरीचा उजेड कपाशीवरून इकडून तिकडे फिरला, पण तो गडी एकट्यानं आत यायला धजला नाही. मग गाडी हळूहळू पुढं गेल्याचा आवाज आला.

सुटलो, असं जयमालाला वाटलं.  पण पायाला पेटका आला होता. ती भिंतीला टेकून पोटरी चोळत बसली. त्यानं ओळखलं असेल का? दुकानी जाऊन सांगेल का? काय सांगेल? त्या विचारात उजाडायला लागलं तेही तिला समजलं नाही.

मग मोटरसायकल आली. ती रस्त्यावर थांबली नाही, सरळ वावराच्या धुऱ्यावरून आत घुसली आणि एका बाजूला पडली. चाक फिरतच होतं. गणेश उतरून पळत आला. अंगात बनियन, पायात काही नाही. तो खोलीकडे आला नाही. तो विहिरीकडे गेला, काठावर दोन्ही हात टेकले आणि वाकून आत पाहू लागला.

जयमालाला आधी काही उमगलंच नाही. विहिरीत काय पडलं म्हणून हा पाहतो आहे?

“जया,” त्यानं विहिरीत हाक मारली. मग पुन्हा, फाटक्या आवाजात, “जया.”

तेव्हा तिला कळलं. 

“अहो,” ती म्हणाली. “मी इथी हाय.”

गणेशनं मान वळवली. तिच्याकडे पाहत पाहत तो तिथंच काठाजवळ मटकन खाली बसला.  त्याचे दात वाजत होते.

“गुलाबरावचा फोन आला,” तो म्हणाला. “तुमच्या घरच्या रडत पळत जाऊन राह्यल्या, हाक मारली त विहिरीकडे गेल्या, म्हणे. देवळात पाह्यलं. तू नाही. फोन घरीच. काय झालं तुले? मी काय केलं? आई बोलली का काई?”

“कोणी काई नाही बोललं.”

“मंग काऊन आली इथी?”

“पळाले.”

“कोणापासून?”

जयमालाला रडू आलं. आतापर्यंत नव्हतं आलं, ते आता आलं. “कोणापासून नाही. अंग कमी कराले पळतो मी. रोजचंच येतो.”

गणेश तिच्या बुटांकडे पाहत राहिला. मग त्याच्या आवाजात राग आला, भीती ओसरल्यावर येतो तसा. “मंग सांगता येत नाही का? माहा जीव गेला असता न इथी. प्राची घरी रडून राह्यली.”

“काय सांगू? जानेफळले सगळे हासले. तुम्ही बी हासले.”

“तू मजाक करून राह्यली असं वाटलं मले.”

“मी वळखलंच नाही सोताले,” जयमाला म्हणाली. “खरंच नाही वळखलं.”

 त्यानं मोटरसायकल उभी केली आणि तिला मागं बसवलं.  वाटेत गार वारा लागून तो कुडकुडत होता, म्हणून तिनं आपली शाल त्याच्या पाठीवर टाकली.

ओट्यावर आळी जमली होती. सुभद्राबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांनी सुनेला वरपासून खालपर्यंत पाहिलं, कोरडी आहे हे पाहिलं, आणि आत निघून गेल्या. प्राची येऊन आईच्या कमरेला घट्ट चिकटली. शेजारणी विचारत होत्या, “काय झालं व माय?” गणेश सांगत होता, “काई नाही, फिराले गेली होती.” ते कोणाला खरं वाटलं नाही.

पुढचे काही दिवस जयमाला घराबाहेर पडली नाही. गावात गोष्ट फिरली होती. कोणी म्हणे नवरा मारतो, कोणी म्हणे सासूनं छळलं. दुकानी येणारी माणसं गणेशला उगाच जपून बोलायला लागली. गणेश म्हणाला, “गच्चीवर पळ न, कोण पाह्यते?” ती गच्चीवर गेली. चार पावलांत भिंत यायची. आणि खालून सुभद्राबाईंची हाक यायची, “हायेस का व वरती?” ती हो म्हणायची. थोड्या वेळानं पुन्हा हाक.

एकदा ती मुद्दाम बोलली नाही. खेळ म्हणून नव्हे, दम लागला होता म्हणून. तर सुभद्राबाई दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून वर आल्या. चेहरा पांढराफटक पडलेला.

“आत्याबाई, मी कुठी जाणार हाय?” जयमाला म्हणाली. तिचाही धीर सुटत चालला होता. “असं किती दिवस लक्ष ठेवसान माह्यावर?”

सुभद्राबाई कठड्याला टेकून बसल्या. श्वास खाली बसल्यावर म्हणाल्या, “माही मोठी बहीण व्हती. तुले कोणी सांगतलं नसंन, घरात तिचं नाव घेत नाही कोणी. सकाळीच म्हणे, देवळात जाऊन येतो. मी चुलीजवळ व्हतो. म्या म्हणलं, जा. मंग दोन दिवसानं सापडली.”

जयमाला त्यांच्या शेजारी बसली. 

“तू बी तेच सांगे,” सुभद्राबाई म्हणाल्या. “देवळात जातो. अन् मी बी म्हणो, जा.”

“चुकलं माहं.”

“पळाचं त पळ. मी नाही म्हणत नाही. पण मले दिसत राह्यजो.”

दिसत राहणं हेच तर जयमालाला नको होतं. रात्रभर तिला तेच वाटत राहिलं. त्या भरतीच्या पोरी, ते मास्तर, गुलाबरावची गोष्ट ऐकलेले सगळे. आणि मधूनमधून डोळ्यांसमोर यायचा तो विहिरीवर वाकलेला गणेशचा बनियन.

सकाळी तिनं बूट घरातच घातले. गाऊन काढून ठेवला, ट्रॅक पँटवर गणेशचा जुना शर्ट चढवला. तो पोटावर ताणला. तिनं बटणं सोडून आत बनियन घातलं आणि पुन्हा लावली, तरी ताणलाच. सुभद्राबाई स्वेटर, कानटोपी घालून तयार होत्या. दोघी चालत शाळेच्या ग्राउंडवर गेल्या. फाटकाशी जयमालाचे पाय थांबले. आत पोरी धावत होत्या, हलक्या, हरणासारख्या. दोन मास्तर बोलत फेरी मारत होते. त्यांनी इकडे पाहिलं आणि बोलणं बंद केलं.

“आत्याबाई, उद्या येऊ का?” जयमाला म्हणाली.

“माहे गुडघे रोज येणार नाही,” सुभद्राबाई म्हणाल्या आणि ध्वजाच्या ओट्यावर जाऊन बसल्या.

जयमाला पळायला लागली. पहिल्या वळणावर कोणीतरी हसल्यासारखं वाटलं. आपल्यालाच हसलं की नाही हे तिनं मान वळवून पाहिलं नाही, पण कान तापले. शर्ट वर सरकायचा, ती खाली ओढायची. भरतीच्या पोरी शेजारून निघून गेल्या. त्यांतली एक मागं वळून म्हणाली, “काकू, हात मोकळे सोडा, शर्ट राहू द्या.” जयमालानं शर्ट सोडला. पोटावर थंड हवा लागली. पुन्हा धरला. मग पुन्हा सोडला.

छाती धडधडत होती. हे दमणं आहे की वडिलांसारखं काही, हे आजही समजत नव्हतं. अर्ध्या फेरीत ती चालायला लागली. तिकडे ओट्यावर सुभद्राबाई लगेच अर्ध्या उठल्या आणि डोळ्यांवर हात धरून पाहू लागल्या. जयमालानं हात वर केला. त्या पुन्हा बसल्या.

ती ओट्यापाशी आली तेव्हा सुभद्राबाईंनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. ती थांबली नाही. पुढच्या वळणावर मास्तर लोक होते, त्यांच्याजवळून जायचं होतं, आणि ती पुन्हा पळायला लागली.