हवेची अंघोळ

तिचा नवरा कामावरून यायचा तो असा चकाचक, की शेजारच्या काकूंनी एकदा विचारलंच, "काय गं, हा पत्र्यांच्या कारखान्यात जातो की लग्नाला?"

ती फुशारली. नियम तिचाच होता. छकुली रांगायला लागली तेव्हाच तिने बजावलं होतं, "धुळीने माखून आलास तर लेकीला हात लावायचा नाही." सिमेंटचे पत्रे कापणारा माणूस तो, भूत होऊनच यायचा. पण त्याने मनावर घेतलं. पाळी संपली की दाबाच्या हवेची नळी घ्यायची आणि डोक्यापासून बुटांपर्यंत फवारा मारून घ्यायचा. सगळेच मारायचे, एकमेकांना, हसतखिदळत. कारखान्याने या सोहळ्याला हवा फुकट पुरवली होती. मनाचा मोठेपणा, दुसरं काय!

काकूंचे यजमान, काका, हेही त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. आता अर्धा जिना चढले की धाप. कारखान्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, विडी सोडा. काकांनी जन्मात विडी ओढली नव्हती, पण डॉक्टरांना ती दिसली. ज्ञानी माणूस.

काकूंचे गुडघे धरलेले, म्हणून काकांना छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे तीच घेऊन गेली.

"अंगावरची धूळ कशी काढायचात?" बाईंनी विचारलं.

"हवा मारून! एकदम स्वच्छ."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, काका. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. हवा मारली की उडतात, आणि तुम्ही त्याच ढगात श्वास घेता. छातीत रुतले की निघत नाहीत. त्रास कळायला वर्षं जातात."

"मग करायचं काय?" हे तिने विचारलं.

"धूळ उडूच द्यायची नाही. पाणी मारून कापायचं. चांगले मास्क लावायचे. कपडे ओले करून तिथेच उतरवायचे, घरी आणायचेच नाहीत."

म्हणजे लेकीला जपायला तिने नवऱ्याला रोज ढगात उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी छकुलीला काकूंकडे सोपवून, नवऱ्याचे धुतलेले कपडे पिशवीत घालून, पाळी सुटायच्या वेळेला ती फाटकावर हजर.

"मुकादम, ते हवा मारणं बंद करा."

"वहिनी, इथे धूळ नाहीच. साहेबांनी मोजून घेतलीय."

"कुठे मोजली?"

"साहेबांच्या केबिनमध्ये."

"आणि मास्क?"

"आहेत ना, कपाटात, कोरे करकरीत! पाहुणे आले की काढतो. रोज घालून खराब कोण करणार?"

तेवढ्यात नवरा शेडमधून बाहेर आला, अंगभर पांढरा, हातात हवेची नळी. तिला बघून कानकोंडा झाला. "अगं, घरी बोलू ना."

"श्वास तू इथे घेतोस, मग घरी काय बोलू?"

साहेबांच्या खिडकीखालच्या हिरवळीवर पाण्याची नळी मोकळी वाहत होती. तिने ती उचलली आणि नवऱ्याला नखशिखान्त भिजवलं.

मुकादम धावला. "वहिनी, पाणी हिरवळीचं आहे!"

"हिरवळीला धाप लागली की कळवा. लगेच आणून देते."

"नोकरी जाईल गं माझी," नवरा कुडकुडत पुटपुटला.

"आणि तू गेलास तर?" तिचा आवाज एकदम मऊ झाला. "छकुलीला अजून धड 'बाबा' म्हणता येत नाही." तिने पिशवी पुढे केली. "हे इथेच उतरव. कोरडे आणलेत."

तो शर्टाची बटणं काढू लागला. त्याच्या मागे एक सोबती डोळे मिटून येऊन उभा राहिला. "वहिनी, माझ्यावरही." त्याच्यामागे आणखी एक.

शेडमध्ये पुढच्या पाळीची करवत सुरू झाली. कोरडी. दारातून पांढरा लोट बाहेर आला.

तिने हातातल्या नळीची लांबी नजरेने मोजली.

"मुकादम, ही आतपर्यंत पोचते का?"