पूजेला बसलेलं जोडपं

सिल्वासाजवळच्या मसाटच्या एका सूत कारखान्यात १९९१च्या डिसेंबरात नवी शेड सुरू व्हायची होती. त्याआधी शेडमध्ये सत्यनारायण ठरला. पूजेला जोडपं हवं होतं आणि जोडपं मिळेना. मॅनेजर भावेशभाईंची बायको बाळंतपणाला माहेरी, सुपरवायझर विश्वनाथची रत्नागिरीला. कामगार पन्नासेक, भाड्याच्या खोल्यांत चौघे-पाचजण मिळून राहणारे, त्यांची बायकापोरं गावी. बायकोला घेऊन राहणारा एकच होता, रावेरकडचा वाळू.

विश्वनाथने विचारलं तेव्हा वाळूने तिथल्या तिथे सांगितलं, "आम्ही बौद्ध आहोत, साहेब. पूजेला बसत नाही."

"अरे, तासभर हात जोडून बसायचं. कोण विचारतंय?" विश्वनाथ म्हणाला. "पर्मनंटच्या यादीत तुझं नाव सुचवलंय मी. भावेशभाईंना नाही म्हणून सांगू का?"

वाळू तीन वर्षं टेंपररी होता. तो गप्प राहिला. विश्वनाथने तो होकार धरला.

घरी चिमाबाईने साफ नकार दिला. लग्नात तिच्या वडिलांनी दोघांकडून बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या होत्या. तिने त्या ओठ हलवण्यापुरत्या म्हटल्या नव्हत्या.

"तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"बोललो ना त्यायले."

"एकदा बोलले. मग?"

"नोकरी पक्की होईल, चिमा. नाही तर गावी जाऊन पुन्हा केळीचे घड वाहायचे का?"

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. पूजेच्या सकाळी मात्र लग्नातली पांढरी साडी नेसून दारात उभी राहिली. "दुसरी चांगली नाही," एवढंच म्हणाली.

पूजा साडेनऊची होती. सिल्वासाहून गुरुजी आले तेव्हा दहा वाजून गेले होते. यंत्रांना हार घातले होते. केळीच्या खांबांमध्ये चौरंग, समोर दोन पाट. वाळू आणि चिमाबाई पाटांवर बसली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "वाळूशेठ, परत लग्न लागतंय का?" शेड हसली. चिमाबाईने मागे पाहिलं नाही. विश्वनाथने सांगितलं तसं तिने नवऱ्याच्या हाताला हात लावला.

गुरुजींनी पळीत पाणी घेतलं. "गोत्र?"

"नाही," वाळू म्हणाला.

"माहीत नसलं तर काश्यप म्हणा."

"तसं नाही, गुरुजी. आम्ही बौद्ध आहोत."

गुरुजींनी पळी खाली ठेवली. आवाज न चढवता ते भावेशभाईंना म्हणाले, "माझं काही नाही. पण यजमान दुसरे बसले तर बरं."

भावेशभाई पुढे आले. "वाळूभाई, जरा मागे बसो ने. विश्वनाथभाई, तमे आवो."

"माझी बायको गावी आहे," विश्वनाथ म्हणाला.

"तिच्या जागी सुपारी ठेवता येते," गुरुजी म्हणाले. "शास्त्रात आहे तसं."

वाळू उठला. चिमाबाई उठली नाही.

"सुपारी चालते?" तिने गुरुजींना विचारलं.

"चालते, बाई."

"मग हे साहेबच सुपारी घेऊन आधी बसले असते. मले कशाले आणलं?"

"चिमाबाई, नंतर बोलू," विश्वनाथ म्हणाला.

"नंतर नाही. हे नाही म्हणत होते, तुम्ही नोकरीचं नाव काढून बसवलं. आता आमच्या जातीनं पाट बाटला का?"

"जातीचं कोण बोललं?"

"मग कशाचं आहे ते सांगा. सगळ्यायले सांगा, मग उठते."

भावेशभाईंनी विश्वनाथकडे पाहिलं. कामगार आता हसत नव्हते. वाळू पाटाजवळ उभा होता. त्याने तिला उठ म्हटलं नाही.

"मीच आग्रह केला," विश्वनाथ म्हणाला. "ते नको म्हणत होते."

"मागच्यायले ऐकू नाही गेलं."

"ते नको म्हणत होते. मी यादीचं सांगून बसवलं," विश्वनाथ मोठ्याने म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

चिमाबाई उठली. गुरुजींनी तिच्या पाटावर विड्याची पानं मांडली आणि त्यांवर सुपारी ठेवली. दोघं गेटबाहेर पडली तेव्हा आत मंत्र सुरू झाले होते.

रस्त्याला लागल्यावर वाळू म्हणाला, "यादीतून नाव गेलं."

"जाऊ द्या."

"बरं सुनावलं तू त्यायले."

"त्यायले सुनावलं. तुमले काय सुनावू?" ती चालता चालता म्हणाली. "नोकरी गेली तर दुसरी पाहाल. मी त्या पाटावर बसले ना. बापाले काय सांगू?"

ती त्याच्या चार पावलं पुढे गेली आणि खोली येईपर्यंत पुढेच राहिली.