उताणी

टेकाडावरची वाळू उपसायला यंत्रं सोमवारी यायची होती. त्याआधी सरकारी माणसाला एक तरी जिवंत डुकरनाक्या साप दाखवला, तर टेकाड वाचणार होतं. पण नदीकाठचं डबकं बुजवल्यापासून बेडकांच्या जातीतले भेक गेले, आणि भेकांवर जगणारे सापही गेले. तीन उन्हाळे वर्नाला एकही दिसला नव्हता.

शुक्रवारी सकाळी दिसला. मादी होती, वर वळलेल्या नाकानं वाळू उकरत होती. वर्नाला बघून तिनं मान चपटी केली, फुसफुसली, मिटल्या तोंडानंच दोन धडका दिल्या आणि शेवटी उताणी होऊन, जीभ बाहेर टाकून मेली. वर्नानं तिला पालथं केलं, तर लगेच पुन्हा उताणी! सत्तरीची वर्ना पोरीसारखी हसली.

बादलीत वाळू घालून तिनं मादीला आत ठेवलं आणि झाकणाला भोकं पाडून बादली ओसरीच्या सावलीत ठेवली. सरकारी माणूस दोनला येणार होता. वर्ना आत दुपारच्या प्रार्थनेला बसली. रोज जपमाळ एकदाच व्हायची. आज आभार मानायचे, म्हणून तिनं परत पहिल्या मण्यापासून धरली.

भाऊ अर्विन खिडकीशी आला. "वर्ना, झाकण उघडून बघितलं. तुझी नटी मेली की गं."

"मरू दे. तिचा धंदाच तो."

"अगं, जीभ लोंबतेय."

"चाळीस वर्षं बघतेय मी. रविवारी चर्चच्या वेळेला तुझी कंबर धरते ना, त्यापेक्षा बरं सोंग करते ती."

अर्विन हसत निघून गेला.

माणूस आला तेव्हा ओसरीवरची सावली सरकून गेली होती. बादलीची कडी हाताला चटका देत होती.

"आता गंमत बघा हं," म्हणत वर्नानं मादीला पालथं केलं.

ती पालथीच राहिली.

वर्नानं पुन्हा उताणी केली, पुन्हा पालथी. माणसानं टोपी काढली. "बाई, मी थांबतो थोडा," म्हणाला, आणि खरंच चारपर्यंत थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "मला जिवंतच लागतो हो."

पुरायला उचलताना वर्नाच्या बोटांना तिच्या पोटात ओळीनं अंडी लागली. तिनं अर्विनला सांगितलं नाही.

संध्याकाळी माळ हातात घेतली, पण बोटं पहिल्या मण्यापुढे सरेनात.