घरच्या कापसाची वात

“बनियानबी?” सदाशिवरावांनी विचारलं.

दारावरच्या माणसाला मराठी येत नव्हतं, पण प्रश्न कळला होता. त्यानं मान हलवली. हो, बनियानसुद्धा.

“बाबा, इकडच्या देवळात माणसाइले उघड्या अंगानंच जा लागते,” निकिता म्हणाली. लग्न होऊन ती कोचीला आली, नवरा नौदलात. तिची बोली अर्धी महागावची राहिली होती आणि उरलेली अर्धी कुठलीच नव्हती.

“सोयऱ्याच्या घरी गेलं त पाय धुवाले पानी देतेत. इथं सदरा उतरून ठेवा म्हनतेत,” सदाशिवराव पुटपुटले.

“देवापुढं कायची लाज?” विमलताई हळूच म्हणाल्या. “तुमी वावरात त असेच राह्यता.”

“वावर माह्यं हाय.”

पण त्यांनी सदरा काढला, बनियान काढली. टोपी तशीच ठेवून निघाले, तर त्या माणसानं टोपीकडेही बोट दाखवलं. निकिताला हसू आवरेना. सदाशिवरावांनी टोपीची घडी करून लेकीच्या हातात दिली आणि दोन्ही हात छातीवर आवळून घेत ते रांगेत उभे राहिले.

विमलताई पाहत होत्या. रांगेतल्या गुळगुळीत पाठींमध्ये ही एक पाठ वेगळी होती. दंडापर्यंत उन्हानं काळे झालेले हात, छाती मात्र गोरी, आणि खांद्यावर फवाऱ्याच्या पंपाच्या पट्ट्यानं पाडलेला काळपट वळ. इतकी वर्षं संसार केला, पण भर दिवसा हा माणूस असा चारचौघांत त्यांनी कधी पाहिला नव्हता. लाजायचं काय त्यात, त्यांना वाटलं. ह्याच खांद्यानं वावर उभं केलं.

त्यांच्या पदराला एक पुरचुंडी बांधलेली होती. तिच्यात वाती होत्या, घरच्या कापसाच्या.

विमलताईंचा नेम असा की सकाळी आंघोळ झाली की वाती वळायच्या, त्यातली एक देवाच्या दारी जळाली पाहिजे, मगच अन्न. गावी असल्या की मारुतीच्या देवळात. शुक्रवारी वाटेवरच्या दर्ग्यातही त्या एक लावून येत. परगावी नेम मोडावा अशी सवलत त्यांनी स्वतःला दिलेली नव्हती. कोचीला आल्यापासून रोज एक नवं देऊळ, आणि लेक, जावई सगळे त्या वातीच्या मागं.

आत गेल्यावर पुजाऱ्यानं पुरचुंडीकडे पाहिलं आणि बाहेरच्या खिडकीकडे हात केला. वात, तेल सगळं तिथंच घ्यायचं. बाहेरची वस्तू इथं चालत नाही.

“पाह्यलं?” देवळाबाहेर येऊन सदरा अंगात घालता घालता सदाशिवराव म्हणाले, “इथंबी ग्रेडर बसवला हाय.”

ते हसत बोलले, पण विमलताईंना ते हसणं आवडलं नाही.

मागच्या हंगामात ते बैलबंडीत कापूस भरून खरेदी केंद्रावर गेले होते. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, हे काही त्यांच्या एकट्याचं दुखणं नव्हतं. पेपरात रोज यवतमाळचं नाव यायचं, आणि ते कशासाठी यायचं हे विमलताई घरात मोठ्यानं वाचू देत नसत. बंडी रांगेत असतानाच अवकाळी पावसाची सर आली आणि वरचा थर भिजून पिवळा पडला. खालचा कापूस पांढराशुभ्र होता. मालाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरनं वरचीच मूठ उचलली, “कवडी हाय हे, डागी माल,” म्हणाला आणि सगळ्या गावकऱ्यांदेखत ती जमिनीवर टाकली. सदाशिवरावांनी वाद घातला नाही. बंडी फिरवली आणि घरी आले.

त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून ‘आपला कापूस’ हा शब्द गेला. विचारलं तर ‘थे’ म्हणत. ‘थे विकून टाकलं.’ आणि येत्या पाडव्याला वावर मक्त्यानं देऊन टाकायचं असं त्यांनी ठरवलं होतं. पडित राहिलं तरी चालेल, पण कापसाची पऱ्हाटी नको. बोलणी झाली होती. परत गेलं की फक्त हो म्हणायचं होतं.

विमलताईंनी वाद घातला नाही. त्यांचा तो स्वभावच नव्हता. घरी आलेली बंडी व्यापाऱ्याकडे रिकामी व्हायच्या आधी त्यांनी खालचा ओंजळ-ओंजळ कापूस काढून घेतला, एकेक सरकी बोटांनी सोडवली आणि त्याच कापसाच्या वाती वळायला घेतल्या. ज्याला माणसानं टाकलं ते देवाला चालतं का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. म्हणजे तसं त्या कुणाला बोलल्या नव्हत्या.

दुसऱ्या देवळाशी पोचेस्तोवर दार बंद झालं होतं. आता सांज झाल्याशिवाय उघडत नाही, असं बाहेरच्या फुलवालीनं खुणेनं सांगितलं.

“आई, नारळाचं पानी तरी घे,” निकिता काकुळतीला आली.

“तहान नाई मले.”

“काहून हट्ट करून राह्यली वं?” सदाशिवराव म्हणाले. “देवाले काय वातीची कमी हाय? अन् थ्या कापसाची त बिलकुल नाई.”

विमलताई चपला नीट करत राहिल्या. निकितानं आईकडे पाहिलं, मग बापाकडे.

“खाडीच्या बाजूले एक जुनी मशीद हाय. तिथं तेलाचा दिवा असते, सगळेच लोक तेल घेऊन जातेत. चालन का तुले?”

“न चालाले काय झालं? चाल.”

मशीद लाकडी होती, कौलारू, एखाद्या जुन्या देवळासारखी उतरत्या छपराची. अंगणात पाण्याचं कुंड होतं आणि त्यात मासे फिरत होते. पांढऱ्या लुंगीतला एक म्हातारा सेवेकरी समोर आला. मुंबईला हॉटेलात काम केलेला, म्हणून हिंदी येत होती.

“आप अंदर,” तो सदाशिवरावांना म्हणाला, आणि विमलताईंना पायरी दाखवली, “अम्मा इधर बैठो. इधर से दिखता.”

विमलताईंनी पदराची गाठ सोडली आणि पुरचुंडी नवऱ्यापुढं धरली.

“म्या नाई जात,” सदाशिवराव म्हणाले. “नेम तुहा हाय.”

“हो, नेम माहा हाय,” त्या म्हणाल्या. “कापूस तुमचा हाय.”

सदाशिवरावांनी पुरचुंडी घेतली. कुंडावर पाय धुतले. सवयीनं टोपी काढायला लागले, तर म्हाताऱ्यानं हातानंच थांबवलं. राहू द्या. टोपी डोक्यावर नीट बसवून ते आत गेले.

पायरीवरून खरंच दिसत होतं. म्हाताऱ्यानं साखळी सैल करून पितळी दिवा खाली घेतला. पुरचुंडी उघडली, एक वात उचलली, उजेडाकडे धरली. दोन बोटांत फिरवली.

“अच्छा है,” तो म्हणाला. “बाजार का?”

निकिता काहीतरी सांगायला उठली, तिचा हात विमलताईंनी धरून ठेवला.

“नई,” आतून आवाज आला. घोगरा, पण स्वच्छ. “बाजार का नई. हमारे खेत का हाय. हमारा कपास. महागाव, जिल्हा यवतमाळ.”

म्हाताऱ्यानं वात तेलात बुडवली, दिव्यात ठेवली, लावली. ज्योत आधी थोडी फडफडली, मग सरळ उभी राहिली. साखळी ओढून त्यानं दिवा वर चढवला. विमलताईंनी पायरीवरूनच हात जोडले.

“झालं,” निकिता म्हणाली. “आता चाल, पहिले काही खाऊन घे.”

पण सदाशिवराव बाहेर येईनात. ह्या मुलखात पऱ्हाटी कुणी पाहिलेली नव्हती. म्हाताऱ्यानं आणखी दोघांना बोलावलं होतं, आणि तो काहीतरी विचारत होता. झाड केवढं असतं? सदाशिवरावांनी कमरेशी हात धरला. कुंडाशी उभा असलेला एक जणही आत सरकला. फूल आधी कोणत्या रंगाचं, मग कोणत्या, हे सांगताना त्यांची हिंदी संपली, तरी ते वऱ्हाडीत सांगतच राहिले. मग दोन्ही मुठी गच्च आवळून त्यांनी बोंड केलं, आणि बोटं सावकाश, एकेक करून उघडली. ओंजळ भरल्यासारखी. ती माणसं त्या रिकाम्या ओंजळीत वाकून पाहत होती.

“बाबाइले हाक मारू का?” निकितानं विचारलं. “तू सकाळपासून उपाशी हायेस.”

“नोको,” विमलताई म्हणाल्या. त्या पायरीवर जरा बाजूला सरकल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट होईल अशा, आणि पदर डोक्यावर ओढून बसून राहिल्या. “सांगू दे त्याइले.”